दहा पंचवीसची मुंबई

पुण्याहून दोन मुलांना घेऊन एका दिवसात मुंबई दाखवून आणायची, असं माझ्या नणंदेनं ठरवलं आणि तेव्हापासून ती आणि माझा नवरा यांच्यात फोनवर जुंपली. थोरली अकरावी कॉमर्सला, धाकटा आठवीत. नवरा आणि नणंद दोघांचाही जन्म गिरगावातलाच, पण ती लग्नानंतर कोथरूडची झाली, इतकी की आता आमच्याकडे आली की मुंबईच्या पाण्याला चव नाही म्हणते. ती एका कंपनीत हिशेब बघते आणि तिचं सगळं एक्सेलमध्ये असतं. माझा नवरा बेस्टच्या वाहतूक खात्यात. आयुष्यभर वेळापत्रकं लावल्यामुळे की काय, सुट्टीच्या दिवसाचं वेळापत्रक दिसलं की त्याच्या कपाळावर आठ्या पडतात. ती त्याला दादा म्हणते, तो तिला चिमी. या लेखापुरतं मीही त्यांना तेच म्हणते. घरात तसं म्हटलं तर गोंधळ होईल.

फोन स्पीकरवर असायचा, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. न विचारता तोंडही घालता यायचं.

चिमी : दादा, पाठवलंय ते बघितलंस का? डेक्कन क्वीन इथून सव्वासातला सुटते, सीएसएमटीला दहा पंचवीसला पोचते. संध्याकाळी तीच गाडी पाच दहाला परत. मधलं सगळं बसवलंय बघ.

दादा : बघितलं. पार सिद्धिविनायकापर्यंत बसवलंयस.

चिमी : मग? एवढं लांब येतोय तर सगळं बघून व्हायला हवं ना.

दादा : दहा पंचवीस ते पाच दहा म्हणजे पावणेसात तास. परतीच्या गाडीसाठी अर्धा तास आधी स्टेशनात. उरले सव्वासहा. जेवण, चहा, पाणी मिळून दीड तास धर. राहिले पावणेपाच. एवढ्यात तू घारापुरी, म्युझियम, गेटवे, तारांगण, राणीची बाग, हँगिंग गार्डन आणि सिद्धिविनायक घातलायस. चिमे, आमच्याकडे कुणी एका फेरीत इतके स्टॉप कोंबले असते ना, तर ड्रायव्हरनं गाडी डेपोत लावून सुट्टीचा अर्ज दिला असता.

चिमी : बरं, तारांगण काढते. पण घारापुरी राहू दे. जागतिक वारसा आहे तो.

दादा : आहे, १९८७ पासून. पण गेटवेहून बोट जायला तास, यायला तास, वर शंभरावर पायऱ्या, आणि लेण्यात तासभर तरी हवाच. म्हणजे चार तास संपले. घारापुरी बघायची तर घारापुरीसाठीच या, आणि सोमवार टाळून या. वारसाच हवाय ना? तुम्ही ज्या स्टेशनात उतरणार ते २००४ पासून जागतिक वारसा आहे. ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या इमारती २०१८ पासून. तिथं जायला बोट लागत नाही, चपला लागतात.

पहिल्या दिवशी एवढ्यावर थांबलं. घारापुरी गेली. एक दिवसाच्या सहलीत पहिली मोठी वस्तू काढायला फार जड जातं, पुढच्या आपोआप निघतात, असा माझा अंदाज होता. तो चुकला नाही, पण वादाची जागा बदलली. आता प्रश्न आला तो निवडायचं कुणी.

दादा : तू मुलांना विचारलंस का, त्यांना काय हवंय?

चिमी : विचारलं ना. थोरलीला मन्नत बघायचाय. मग फॅशन स्ट्रीट. मग फिनिक्स मॉल. अरे, फिनिक्स पुण्यातही आहे! धाकट्याला वानखेडे. आत सोडत नाहीत म्हटलं तर म्हणतो, बाहेरून बघू. हे बघायला मी तीन माणसांचं तिकीट काढू?

दादा : मग त्यांच्या मनासारखं होऊ दे.

चिमी : तुझं काय जातंय!

दादा : ऐक तर. नको म्हणू नकोस, किंमत सांग. चर्चगेटहून वांद्रे, तिथून रिक्षानं बॅंडस्टँड, गेटसमोर फोटो, परत. दोन तास गेले. तुमच्याकडे आहेत पावणेपाच. हे सगळं तिच्यापुढे ठेव आणि सांग, बाई, हे तुझे तास, लाव कुठे लावायचे ते. ती स्वतःच मन्नत कापेल. आपण कापला तर मात्र दिवसभर तोंड फुगवून बसेल, आणि गेटवेच्या प्रत्येक फोटोत ते फुगलेलं तोंड येईल.

चिमी : आणि नाही कापला तर?

दादा : तर मन्नत बघा. सोळा वर्षांच्या मुलीनं स्वतः ठरवून दोन तास फुकट घालवले तर काय बिघडलं? पुढच्या वेळी शहाणी होईल.

चिमी : पुढची वेळ कधी येते रे? यंदा अकरावी, पुढच्या वर्षी बारावी, मग ती कुठं जाईल कोण जाणे. तुला वाटतं त्यांना मोकळं सोडलं की झालं. पण त्यांना जे ठाऊकच नाही ते ती मागणार कसं? मन्नत माहीत आहे कारण तो फोनमध्ये दिसतो. राजाबाई टॉवर कुठे दिसतो?

दादा : टॉवर बघून ती काय करणार? आत सोडत नाहीत.

चिमी : तिच्या वर्गातली मुलं फोनवर शेअरचे आकडे बघत बसतात. कुणी किती कमावलं, दिवसभर तेच. तिला मी त्या टॉवरखाली उभी करणार आणि सांगणार की १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि आपल्या कापसाला अचानक सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा मावेना. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि लोकांनी त्यांचे शेअर डोळे मिटून घेतले. १८६५ ला तिकडचं युद्ध संपलं आणि इथं सगळं कोसळलं. त्या बाजाराचा राजा होता प्रेमचंद रायचंद. तोही त्यात बुडाला. पण त्यानं आधी दिलेल्या देणगीतून हा टॉवर १८७८ ला उभा राहिला, आणि नाव त्याच्या आईचं, राजाबाई. मग तिथून चालत दलाल स्ट्रीट. तिथलं एक्स्चेंज १८७५ चं, म्हणजे एवढा मोठा आपटीबार झाल्यावर दहाच वर्षांनी. हे तिनं मागितलं असतं का? जन्मात नसतं मागितलं. आपण पुढे ठेवल्याशिवाय या गोष्टी मुलांपुढे येत नाहीत.

नवरा गप्प झाला. बेस्टचा माणूस गप्प होतो तेव्हा त्याच्या मनात एखादा मार्ग रद्द होत असतो. ही फेरी चिमीनं जिंकली, असं मी मनात मांडून ठेवलं. मुलांना निवडू द्या हे म्हणणं ऐकायला उदार वाटतं, पण निवडीचं दुकान कुणीतरी भरलेलं असतं, याकडे ते बघत नाही. आपण नाही भरलं तर फोन भरतो.

दादाही हार मानणारा नाही. दुसऱ्या दिवशी त्यानंच फोन लावला.

दादा : तुझा टॉवर मान्य. पण त्याच्याखाली उभं करून भाषण द्यायचं नाही. तू बोलायला लागलीस की तिच्या कानात ती पांढरी बोंडं जातात, मी बघितलंय. दोन वाक्यं सांग आणि सोड.

चिमी : आणि धाकट्याला काय? त्याला तर इतिहास म्हणजे सनावळी.

दादा : त्याला आझाद मैदान. स्टेशनातून पाच-सात मिनिटं. फेब्रुवारी १९८८, हॅरिस शील्ड, शारदाश्रमकडून तेंडुलकर आणि कांबळी, ६६४ धावांची अभंग भागीदारी. सचिन तेव्हा चौदाचा होता, म्हणजे आपल्या धाकट्यापेक्षा एका वर्षानं मोठा. नंतर २०१३ मध्ये याच मैदानावर, याच स्पर्धेत पृथ्वी शॉनं एकट्यानं ५४६ केल्या. तोही चौदाचा. वानखेडेला बाहेरून भिंत दिसेल, इथं आत चालत जाता येतं. आणि एकाच वेळी इतक्या मॅचेस चालू असतात की कुणाचा फील्डर कुणाच्या मॅचमध्ये उभा आहे ते कळत नाही.

चिमी : हे छान आहे. पण मग त्याला हेही सांग की एवढ्या महागड्या जमिनीवर मैदान उरलं कसं.

दादा : कसं उरलं?

चिमी : तुला माहीत नाही? जन्म इथे गेला तुझा! तिथं पूर्वी किल्ला होता ना. म्हणून तर त्या भागाला अजून फोर्ट म्हणतात. तटावरच्या तोफांना समोर मोकळी जागा लागायची, शत्रू लपायला आडोसा नको म्हणून. त्या जागेत बांधकामाला मनाई होती. १८६० नंतरच्या काही वर्षांत तट पाडला, पण मोकळी जागा बरीचशी मोकळीच राहिली. आझाद, क्रॉस, ओव्हल, ही सगळी त्यातली. तोफेच्या पल्ल्यात क्रिकेट खेळतायत ती पोरं.

हे दोघं भांडत असताना माझ्या डोळ्यांपुढे नकाशा तयार होत गेला. सीएसएमटी ते गेटवे हे अंतर चालत अडीच किलोमीटरच्या आसपास. त्याच्या आगेमागे मैदानं, हायकोर्ट, विद्यापीठ, हुतात्मा चौक, काळा घोडा, म्युझियम. ओव्हलच्या मध्यावर उभं राहिलं की एका हाताला व्हिक्टोरियन गॉथिक, कमानी आणि शिखरांची रांग, दुसऱ्या हाताला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती, गोलसर गॅलऱ्यांच्या. त्या उभ्या आहेत तो भाग समुद्र हटवून काढलेला. डावीकडून उजवीकडे मान वळवली की साठेक वर्षं सरकतात. हे एवढंसं मुंबईचं कोपऱ्याचं टोक. पण एका दिवसात एवढंच होतं, आणि मुलांच्या पायांनी होतं, गाडीच्या काचेतून नाही. टॅक्सीतून दहा ठिकाणं दाखवलेली मुलं संध्याकाळी दहातली दोन सांगतात, आणि त्यातलं एक जेवलेलं हॉटेल असतं.

मग वार कोणता, यावरून सुरू झालं. चिमीनं रविवार धरला होता, कारण तिला सुट्टी.

दादा : रविवारी मेगाब्लॉक असतो. लोकल कुठली कधी येईल ते मोटरमनलाही विचारू नकोस. आणि बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया रविवारी बंद. बेरी पुलाव राहिला.

चिमी : पण रविवारी फोर्ट रिकामं असतं. मुलांना रस्ता ओलांडताना माझा जीव वर-खाली होणार नाही.

दादा : तेही खरं. बरं, खरी गोष्ट सांगू का? ती पाच दहाची गाडी सोड. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. तू मुलांना मुंबईला आणणार आणि समुद्रात सूर्य बुडायच्या तासभर आधी त्यांना डब्यात बसवणार. पोरं लोणावळ्याच्या चिक्कीसाठी आली होती का?

चिमी : मग परत कसं यायचं?

दादा : रात्री दादरहून शिवनेरी.

चिमी : रविवारी रात्री? एक्स्प्रेसवेवर, घाटात? सगळं पुणं लोणावळ्याहून परतत असतं. बारा वाजतील. सोमवारी सकाळी सातला धाकट्याची शाळा आहे, त्याला तू उठवायला येणार आहेस का?

इथं दादा चीत. मुलांच्या सहलीत कुणी धरत नाही तो हिशेब हाच, दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा. बहुतेक सहली त्या सकाळी फसतात, आणि मग घरात महिनाभर ऐकू येतं की मुंबई म्हणजे नुसती दगदग. मी म्हटलं, शनिवार धरा ना. रजा टाक एक. रविवारी झोपा सगळे. मेगाब्लॉकही टळला, पुलावही मिळाला. चिमीनं दोन सेकंद विचार केला आणि रजा टाकते म्हणाली. इतकं सोपं होतं. पण दोघंही आपापली बाजू धरून बसल्यामुळे तिसरीकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पाच दहाची गाडी सुटली म्हणजे हातात आणखी दोन-अडीच तास आले. दुसऱ्याच दिवशी नवी फाइल आली. तिच्यात राणीची बाग होती.

दादा : हे काय?

चिमी : वेळ वाढला ना. धाकट्याला लहानपणी पेंग्विन बघायचे होते. राहूनच गेलं.

दादा : लहानपणी बघायचे होते. आता त्याच्या ओठांवर लव आलीय. वाढलेल्या तासांत काही घालू नकोस, चिमे. आमच्या वेळापत्रकात शेवटच्या स्टॉपवर गाडी थोडी थांबते, कशासाठी? उशीर भरून काढायला. तो थांबायचा वेळ काढला की पहिल्या फेरीचा उशीर दिवसभराच्या फेऱ्यांना लागतो.

चिमी : म्हणजे नुसतं बसायचं?

दादा : बसायचं, खायचं, कोलाबा कॉजवेवर चार कानातली घासाघीस करून घ्यायची. म्युझियममध्ये धाकट्याला एखादं दालन आवडलं तर आवडू दे ना. तिथं अकबराचं चिलखत आहे. त्याच्यासमोर तो वीस मिनिटं उभा राहिला आणि तू घड्याळ बघितलंस, तर खेळ संपला.

चिमी : बरं. पण म्युझियमला दोन तास.

दादा : एक.

चिमी : दीड. आणि एक गोष्ट मी सांगणारच. ती इमारत १९१४ ला बांधून झाली होती, पण युद्धात तिथं लष्करी इस्पितळ चालवलं, म्हणून लोकांसाठी उघडली ती १९२२ ला. चिलखतं ठेवायच्या घरात आधी जखमी सैनिक झोपत होते.

दादा : हे सांग. हे चांगलं आहे. आणि गेटवेला माझी पाळी. पंचम जॉर्ज राजा १९११ ला बंदरावर उतरला, त्याची आठवण म्हणून ही कमान. पण बांधून झाली १९२४ ला. तो आला तेव्हा तिथं कमान नव्हतीच. पुढं २८ फेब्रुवारी १९४८ ला गोऱ्या फौजेची शेवटची तुकडी त्याच कमानीखालून निघून गेली. आल्याची आठवण म्हणून बांधली, वापरली ती निघून जायला.

या टप्प्यावर दोघांचं बरंच जुळलं होतं आणि मला काळजी वाटू लागली. कारण अजून जेवणाचा विषय निघायचा होता.

चिमी : दुपारी तुमच्याकडेच येतो. वहिनीच्या हातचं खाऊ, मुलं जरा पाय लांब करतील.

दादा : अर्थात! घर असताना बाहेर कशाला?

मी म्हटलं, येऊ नका.

फोनवर शांतता. नणंदेला घरी येऊ नको म्हणणारी भावजय गिरगावात तरी दुसरी नसेल. पण मराठी माणसाच्या एक दिवसाच्या प्रत्येक सहलीत हा खड्डा असतो आणि तो खड्डा आहे असं म्हणायची कुणाची हिंमत नसते. एवढ्या जवळ येऊन घरी न जाता गेलो तर काय म्हणतील? म्हणून जायचं. गेलं की पाच मिनिटांचं पाणी होत नाही. वरणभात, भाजी, श्रीखंड होतं. ताटं उचलली की आडवं होणं होतं. समोरच्या खोलीतल्या काकू 'किती उंच झाली गं' म्हणायला येतात, त्यांच्या मागून त्यांची सून येते. थोरलीला बारावीनंतर काय हे तीनदा विचारलं जातं. साडेतीन वाजतात. सहलीचा मध्य गेला. मुलं पुण्याला जाऊन सांगतात, मामाकडे गेलो होतो. मुंबईला गेलो होतो असं सांगत नाहीत. मी चिमीला म्हटलं, मे महिन्यात चार दिवस राहायला या, मी काय हवं ते करून घालते. त्या शनिवारी माझ्या दारात दिसलात तर मी दार उघडणार नाही. ती एक दिवस रुसली. नंतर तिचा मेसेज आला, 'थँक्यू वहिनी'. पुढे डोळे पुसणारी बाहुली.

आणखी एक गोष्ट त्या दोघांच्या कुठल्याच यादीत नव्हती, स्वच्छतागृह. अडीच किलोमीटर चालणार, त्यात एक सोळा वर्षांची मुलगी. कुठे जायचं हे आधी ठरलेलं नसेल तर ती सकाळपासून पाणी पीत नाही, दुपारी तिचं डोकं दुखतं, आणि घरचे म्हणतात, मुलीला कशातच रस नाही. म्हणून म्युझियमचा वेळ मी जेवणाच्या आधी ठेवायला लावला आणि जेवायला बसून खायची जागा हवी म्हटलं, गाडीवरचं नाही. पाळी येणार असेल तर पिशवीत काय हवं तेही सांगितलं. दादा म्हणाला, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही. कसं येणार?

शेवटचा मोठा वाद लोकलवरून झाला, आणि तो मी मन लावून ऐकला.

चिमी : आता मेट्रो ३ पूर्ण झालीय ना, आरेपासून कफ परेडपर्यंत? मी पेपरात वाचलं. मग लोकल कशाला? मेट्रो गार असते, दारं बंद होतात.

दादा : लोकलशिवाय मुंबई? मग पुण्याच्या मेट्रोत बसा की.

चिमी : मला भीती वाटते. खरंच वाटते. मी तिथंच वाढले, म्हणूनच वाटते.

दादा : बरोबर आहे तुझं. म्हणून वेळ आणि स्टेशन आपण ठरवायचं. दुपारी तीन-साडेतीनला चर्चगेट. गाडी तिथूनच सुटते, डबे बऱ्यापैकी रिकामे, चढायला घाई नाही. धीमी पकडायची, मरीन लाइन्स सोडून चर्नी रोडला उतरायचं. दोन स्टेशनं. तिकीट पाच रुपये. पण तिकीट त्यांनी काढायचं, खिडकीवर, रोख. फलाट त्यांनी शोधायचा. इंडिकेटर त्यांनी वाचायचा, धीमी कुठली, जलद कुठली. जलद पकडली तर चर्नी रोड जाताना दिसेल आणि उतरता येणार नाही. आपण पाच पावलं मागे.

चिमी : आणि चुकून एक चढला, एक राहिला तर?

दादा : त्याचा नियम अख्ख्या मुंबईला पाठ आहे. चढला त्यानं पुढच्या स्टेशनला उतरून तिथंच उभं राहायचं, कुठेही जायचं नाही. राहिला त्यानं मागच्या गाडीनं जायचं. धावत्या गाडीमागे पळायचं नाही. हे दोन्ही पोरांकडून तोंडपाठ म्हणून घे. फोन लागला नाही तरी हे चालतं.

चिमी : मी लेडीज डब्यात थोरलीला घेऊन बसणार.

दादा : तिला विचार.

चिमी : आणि संध्याकाळी?

दादा : संध्याकाळी तुझी मेट्रो. चौपाटीवर सूर्य बुडाला, भेळ झाली, की चर्नी रोडहून वर जाणाऱ्या गाडीत तुम्हाला मी स्वतः चढू देणार नाही. ती गर्दी पाहुण्यांची नाही. गिरगावच्या मेट्रो स्टेशनवरून थेट दादर, तिथून पूल ओलांडून शिवनेरी.

चिमी : म्हणजे लोकल तुझी, मेट्रो माझी.

दादा : दुपार माझी, रात्र तुझी.

इथं दोघांना वाटलं की झालं. मी म्हटलं, अजून मुलांना दाखवलेलं नाही. चिमीनं त्या रात्री जेवताना तास मांडले. काय किती लांब, कशाला किती वेळ, वर कापूस आणि तोफा थोडक्यात. भाषण दिलं नाही असं ती शपथेवर सांगते. थोरली ऐकत होती की नाही ते तिला कळलं नाही, एक कान बंद होता.

सकाळी घरच्या ग्रुपवर थोरलीचा कागद आला. मन्नत नव्हता. फिनिक्सही नव्हता. गाडीतून उतरल्या उतरल्या आझाद मैदान, पुढे कंसात 'फक्त याच्यासाठी, १५ मिनिटं'. मग टॉवर. मग म्युझियम, सव्वा तास. आईचा दीड आणि मामाचा एक यांच्यामधला आकडा तिनं काढला होता, हिशेबाचं रक्त आहे. दलाल स्ट्रीट होता, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. गेटवे दहा मिनिटं, 'गर्दी असेल तर लांबून'. फॅशन स्ट्रीट होताच, पाऊण तास. लोकलसमोर लिहिलं होतं, 'मी आणि हा एका डब्यात. आई लेडीजमध्ये.' आणि मध्ये एक ओळ : 'एक ते अडीच आम्ही दोघं इराण्याकडे बन-मस्का आणि खिमा. आई आणि मामा वेगळीकडे. फोन चालू राहील.'

चिमी : दादा, वाचलंस का? वेगळीकडे म्हणजे कुठं?

दादा : तिनं आपल्याला दीड तास सुट्टी दिलीय.

चिमी : मी नाही सोडणार. अनोळखी शहर, तेराचा मुलगा.

दादा : तिला अनोळखी आहे. तुला कुठं आहे? धोबी तलावचं कयानी माहीत आहे ना तुला, १९०४ पासूनचं. तिथं त्यांना आपण बसवू आणि निघू. अडीचला तिथूनच उचलू. जागा आपण ठरवली, वेळ तिनं ठरवली. यापेक्षा जास्त तुला काय हवं?

चिमी : रस्ता ओलांडायचा नाही, असं लिहून घे तिच्याकडून.

दादा : तूच घे. मी लिहिलं तर ती हसेल.

चिमी : आणि आपण दोघं तेवढ्या वेळात काय करायचं? म्हातारे मित्र असल्यासारखे बाकावर बसू?

दादा : ब्रिटानिया.

थोड्या वेळानं चिमीनं मला वेगळा फोन केला. दीड तास भावाबरोबर एकटी बसले तर तो मला बेस्टचे जुने मार्ग नंबरानिशी सांगत बसेल, वहिनी, तू ये ना. मी हो म्हटलं. ब्रिटानिया दुपारपुरतंच उघडं असतं आणि शनिवारी रांग लागते, तेव्हा मी एकच्या आधी बॅलार्ड इस्टेटला जाऊन टेबल धरते. मुलांना कयानीत बसवून येताना टॅक्सी करा, चालत येऊ नका. एवढं मी दोघांनाही कळवून टाकलं.